बॉयलरवाल्याची बायको

कवळ्या बनवायच्या त्या कारखान्यात सोमवारी सकाळी हात चालायचे सगळ्यांचे, तोंड मात्र एकट्या सेन्सॉरचं.

कारखाना म्हणायचा तो आपला मानानं. होत्या तीन खोल्या. पहिलीत दवाखान्यांतून आलेली जबड्यांची मापं धुऊन त्यांत प्लास्टर ओतायचं, मधलीत मेणावर एकेक दात बसवायचा आणि तिसरीत तयार कवळी घासून चकचकीत करायची. सेन्सॉर मधल्या खोलीत खिडकीशी बसायचा. एकतीस वर्षं तो लोकांना दात बसवत होता. त्याचं खरं नाव पगाराच्या कागदावर तेवढं उरलं होतं. दर रविवारी हा गृहस्थ एक सिनेमा पाहणार आणि सोमवारी त्याची चिरफाड करणार, म्हणून तिसऱ्या खोलीतल्या पॉलिशवाल्यानं त्याला सेन्सॉर म्हणायला सुरुवात केली आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच.

पूर्वी त्याची बायकोही सिनेमाला बरोबर जायची. पण हा अंधारात शेजारी बसून "हे शक्य नाही, हे शक्यच नाही" असं पुटपुटत राहायचा. एकदा मध्यंतरात तिनं हात जोडले आणि सरळ घर गाठलं. तेव्हापासून तो एकटा जायचा.

त्याची पारख दातांवरून सुरू व्हायची. "उपाशी राहून पोहायला शिकलेली पोरगी म्हणे! सत्य घटना म्हणे! अरे, वरचे आठच्या आठ दात पोर्सेलिनचे. तेवढ्या पैशांत तिचं अख्खं खानदान दहा वर्षं जेवलं असतं." मग पॉलिशवाला मशीन बंद करून हसायचा. कोर्टाच्या एका खऱ्या खटल्यावरचा सिनेमा पाहून आला तेव्हा म्हणाला, "खटला चालला अकरा वर्षं, यांनी उरकला दोन गाण्यांत. न्यायाधीशसुद्धा तालावर मान हलवत होता." सत्य घटनेवरच्या सिनेमांवर त्याचा विशेष राग. दुधात पाणी किती ते गवळ्यालाच ठाऊक, असं तो म्हणायचा. आणि तरी तेच सिनेमे शोधून शोधून पाहायचा.

त्या सोमवारी मात्र तो वेगळ्याच तारेत होता. सिनेमा त्याला चक्क आवडला होता.

"बघाच," तो म्हणाला. "कापड रंगवायच्या कारखान्यात बॉयलर फुटतो. अकरा माणसं जातात. खरंच घडलेलं आहे, चौदा वर्षांपूर्वी. बॉयलर सांभाळणारा माणूस असा दाखवलाय, असा दाखवलाय! झडप गंजलेली, मालक दुरुस्त करत नाही. सगळे बाहेर पळतात आणि हा झडप उघडायला आत जातो. माझ्या डोळ्यांत पाणी आलं."

"तुझ्या?" पॉलिशवाला म्हणाला. "मग दात कसे होते त्याचे?"

"दात चांगलेच होते, ते सोड. सगळ्यात कडी केलीय ती त्याच्या बायकोनं. नवऱ्याचं प्रेत अजून घरात, आणि ही बया कंपनीकडून पाकीट घेते. चौकशीत सांगते, माझा नवरा दारू पिऊन कामावर गेला होता. एवढ्यावर कंपनी सुटली! बाकीच्या दहा घरांच्या हातात धुपाटणं. आणि दिग्दर्शकानं शेवटी तिला रडवलंय. का म्हणून? अशा बाईला प्रेक्षकानं दया का दाखवावी? माझं विचाराल तर असल्या बाईच्या हातचं पाणी पिऊ नये माणसानं."

एवढं बोलून त्यानं हातातल्या कपातला चहाचा शेवटचा घोट घेतला.

दहाचा चहा ताई करायची. ताई म्हणजे पहिल्या खोलीतली, प्लास्टर ओतणारी. पंचेचाळिशीची, अंगानं काटक, बोलायला कमी. नऊ वर्षं ती तिथं होती. नवरा नाही, एक मुलगी आहे, यापलीकडे तिच्याबद्दल कुणाला काही ठाऊक नव्हतं आणि कुणी खोदून विचारलंही नव्हतं. सेन्सॉर बोलत होता तेव्हा ती दारात ट्रे घेऊन उभी होती. तिनं सगळ्यांचे कप गोळा केले, धुतले, पालथे घातले. मग पॉलिशवाल्यानं पहिल्या खोलीत डोकावून पाहिलं तर तिनं भिजवलेलं प्लास्टर भांड्यातच दगड झालं होतं आणि ती त्याकडे बघत उभी होती. नऊ वर्षांत असं कधी झालं नव्हतं. डोकं दुखतंय सांगून ती अर्ध्या दिवसानं घरी गेली.

मंगळवारी आली नाही, बुधवारीही नाही. गुरुवारी मापांचा ढीग साचला तेव्हा मालक मधल्या खोलीत आले. मालक सत्तरीचे, हळू बोलणारे. सेन्सॉरच्या शेजारी स्टूल ओढून बसले.

"सोमवारी तुम्ही काय बोललात ते कळलं मला."

"सिनेमाबद्दल? त्यात काय?"

"तो बॉयलरवाला तिचाच नवरा. कामाला ठेवताना तिनं मला सांगितलं होतं, की कुणी काही बोललं तर आधीच माहीत असावं. नऊ वर्षं कुणी बोललं नाही. आता तुम्ही बोललात."

सेन्सॉरच्या हातातल्या मेणाच्या सुरीचं टोक दातावरून घसरलं. सगळ्यांदेखत, तिच्याच हातचा चहा पीत, तो काय बोलला होता ते त्याला शब्दन् शब्द आठवत होतं. संध्याकाळी काम संपल्यावर तो तिचा पत्ता घेऊन निघाला.

तीन जिने चढून गेल्यावर तिची खोली. आत एक पलंग, एक गादी गुंडाळून ठेवलेली, शिवणाचं मशीन आणि खिडकीत वाळत घातलेले दोन टॉवेल. ताईनं दार उघडलं, त्याला पाहिलं आणि आत या म्हणाली. जणू तो येणार हे तिला ठाऊकच होतं.

"ताई, माझी जीभ झडो," तो उभ्याउभ्याच म्हणाला. "मला माहीत नव्हतं हो."

"बसा भाऊ. माहीत असतं तर बोलला नसतात, एवढंच ना? पण वाटलं तर तेच असतं." तिच्या बोलण्यात राग नव्हता, आणि म्हणूनच त्याला जास्त लागलं. "माफीबिफी राहू द्या. तुम्ही सिनेमा पाहिलाय. मला सांगा."

"काय सांगू?"

"सगळं. पहिल्यापासून. माझ्यानं थिएटरात जाववणार नाही. मत नको तुमचं, नुसतं काय काय होतं ते सांगा."

तो सांगायला लागला आणि पहिल्याच दृश्याला अडखळला. चांगलं, वाईट, खोटं, बेतलेलं असले शब्द वगळून सिनेमा कसा सांगतात हेच त्याला ठाऊक नव्हतं. तरी त्यानं सांगितलं. ती मध्येच विचारायची.

"उंच आहे का तो, ह्यांचं काम करणारा?"

"चांगला सहा फूट."

"हे पाच फूट दोन इंच होते." ती किंचित हसली. "आणि दात?"

"सरळ. पांढरे."

"पुढचा एक अर्धा तुटलेला होता ह्यांचा. लग्नाच्या आधीपासून. हसताना हात धरायचे तोंडावर." ती थांबली. "बरं, पुढं?"

पुढं बॉयलर फुटला. पुढं ती बायको, पाकीट, चौकशी. सेन्सॉर मान खाली घालून सांगत होता. संपलं तेव्हा ताई उठली, त्याला पाणी आणून दिलं आणि त्याच्या समोर बसली. ते पाणी तो एका दमात प्यायला.

"भाऊ, हे सकाळी सहालाच प्यायलेले होते," ती म्हणाली.

सेन्सॉरनं वर पाहिलं.

"पाकीट-बिकीट काही नाही. तिसऱ्या दिवशी कंपनीची खोली खाली करायला लावली आम्हाला. मी खरं तेच सांगितलं चौकशीत. आदल्या महिन्यात दोन खाडे झाले होते, तिसरा झाला असता तर काम जाणार होतं. उभं राहता येत नव्हतं ह्यांना. मीच तोंडावर पाणी मारलं, मीच शर्टाची बटणं लावली, मीच फाटकापर्यंत सोडून आले. आत बॉयलरपाशी बसल्या बसल्या ह्यांचा डोळा लागला. बॉयलरातलं पाणी संपलं, तो लालबुंद झाला. दचकून उठले आणि घाबरून एकदम गार पाणी सोडलं आत. भट्टीत कोळसा टाकणारा गडी होता, तो दवाखान्यात दोन दिवस जगला. त्यानं सांगितलं मला. झडप गंजलेली होती, ते खोटं नाही. पण झडप उघडायला कुणी आतबित गेलं नाही."

"मग तुम्ही..."

"बाहेर दहा बायका बसल्या होत्या माझ्यासारख्याच. साहेबानं विचारलं, पीत होते का? आता त्यांच्या नवऱ्यांच्या मरणावर खोटं कसं रचू, असं वाटलं मला. खरं सांगितलं तर त्यांचं भलं होईल. झालं उलटं. कंपनी म्हणाली, चूक कामगाराची. त्या दहा घरांना काही मिळालं नाही, आणि मला त्यांनी दारात उभं केलं नाही. तेव्हाच बोलायला लागले, हिनं पैसे खाल्ले. आता त्याचा सिनेमा झाला."

खालून कुणीतरी कुणाला तरी हाका मारत होतं. सेन्सॉरला गुंडाळलेली गादी दिसली. "मुलगी कुठं आहे?"

"मैत्रिणीकडे राहायला गेलीय. शनिवारी पाहिला तिनं सिनेमा. बॉयलर फुटला तेव्हा आठ वर्षांची होती ती. बापाचा शर्ट उशाशी घेऊन झोपायची. मी काय सांगणार होते? बाप चांगला होता, बॉयलर जुना होता, एवढंच सांगत आले चौदा वर्षं. सिनेमात तोच बाप दिसला तिला. आणि माझ्याबद्दल नातेवाईक जे कुजबुजायचे, तेही दिसलं."

"अहो, मग सांगा की तिला खरं!"

"काय सांगू? बाप दारुडा होता, त्याच्या हातनं दहा माणसं मेली, आणि त्याला शर्ट घालून मी पाठवला? तिच्याजवळ बाप तेवढा चांगला उरलाय, भाऊ. तुम्हीही कुणाजवळ बोलू नका."

सेन्सॉरनं मान हलवली. पण घरी बायकोला सगळं सांगितल्याशिवाय त्याला राहवलं नाही.

"त्या माउलीनं बोलू नका म्हटलंय ना?" बायको म्हणाली. "मग तोंडाला कुलूप घाला. तुमचं मत कुणी विचारलेलं नाही."

"हे मत नाही. सत्य आहे हे."

"तुम्हाला दोन्ही सारखंच वाटतं. तिथंच तर घोडं अडतंय."

त्याला ते पटलं नाही. आपल्या तोंडानं झालेलं नुकसान आपल्याच तोंडानं भरून काढायचं, असं त्याच्या मनानं घेतलं होतं. शनिवारी दुपारी ताईची मुलगी कामाला होती ते दुकान शोधून तो तिथं जाऊन धडकला. चष्म्याचं दुकान. मुलगी चणीनं आईसारखीच, बारीक पेचकस घेऊन एका चष्म्याची काडी बसवत होती. त्यानं ओळख सांगितली आणि काउंटरवर वाकून, हळू आवाजात, सगळं ओतलं. दारू, खाडे, गार पाणी, दवाखान्यातला गडी. शर्टाची बटणंसुद्धा सोडली नाहीत.

मुलगी ऐकत होती. पेचकस तिच्या बोटांत फिरत होता, पण स्क्रूला लागत नव्हता.

"काका, तुम्ही तिथं होतात?"

"मी कुठला असणार? तुझ्या आईनं सांगितलं."

"आईनं." तिनं चष्मा डबीत ठेवला, डबी बंद केली. "गिऱ्हाईक थांबलंय, काका. या तुम्ही."

बाहेर पडताना त्याला हलकं वाटलं. पोरगी आज रात्री आईच्या गळ्यात पडेल, असं चित्र त्यानं मनाशी रंगवलंसुद्धा. त्या रविवारी तो सिनेमालाही गेला नाही. आज गरज नाही, असं काहीतरी त्याला वाटलं.

सोमवारी तो आठला पोचला तेव्हा ताई कारखान्याच्या पायरीवर बसली होती. डोळे सुजलेले.

"काय केलंत हे, भाऊ?"

"ती आली ना घरी?"

"आली. दारातूनच विचारलं, काका म्हणतात ते खरं का. तिचं तोंड पाहिलं मी. बाप दुसऱ्यांदा मेला होता तिचा. मी म्हटलं, नाही. ते काका सिनेमावेडे आहेत, त्यांनी रचलंय." ती उठून उभी राहिली. "तिचा विश्वास बसत नाहीये. आज दुपारी तुम्हाला विचारायला येणार आहे. तुम्ही म्हणायचं, मी रचलं."

"ताई, पण ते खरं आहे!"

"खरं मी एकदा सांगून बसलेय. दहा घरं बसली त्यानं. आता पुरे."

"आणि तुमचं काय? ती तुम्हाला..."

"माझं मी बघते. तुम्ही तेवढं म्हणा."

सकाळभर सेन्सॉरनं एका म्हातारीच्या खालच्या जबड्यात दात बसवले, काढले, पुन्हा बसवले. दुपारी सगळे डबे उघडत असताना मुलगी आली. पॉलिशवाला होता, मालक होते, ताई कोपऱ्यात हात पुसत उभी होती. मुलगी कुणाकडे न बघता सरळ सेन्सॉरपुढं आली.

"काका, परवा जे बोललात ते आईनं सांगितलं होतं, की तुम्ही मनानं रचलंत?"

एकतीस वर्षं ज्या माणसानं पडद्यावरचं एकेक खोटं नखानं खरवडून दाखवलं होतं, त्यानं एकदा ताईकडे पाहिलं. ताईचं सगळं अंग कानांत गोळा झालं होतं.

"मी रचलं," तो म्हणाला. "सिनेमे बघून बघून डोकं फिरलंय माझं. तुझा बाप... सिनेमात आहे तसाच होता, असं म्हणतात."

"एका मेलेल्या माणसाला दारुडा म्हणताना लाज वाटली नाही तुम्हाला?"

"चुकलं."

पॉलिशवाल्याचा घास हातातच राहिला होता. मुलगी आईकडे वळली. "आणि पाकीट? ते खरं का?"

"घेतलं," ताई म्हणाली. "तुला वाढवायचं होतं."

सेन्सॉर अर्धा उठला. ताईनं नुसती नजर वर केली, आणि पाकीट खोटं म्हटलं तर दारू खरी ठरते हे कळून तो परत बसला. मुलगी क्षणभर काहीतरी शोधत असल्यासारखी आईच्या तोंडाकडे बघत राहिली. त्या क्षणी ताई एक शब्द बोलली असती तरी पुरलं असतं. ती बोलली नाही. मुलगी निघून गेली. त्याच आठवड्यात तिनं खोलीतलं आपलं सामान नेलं. सामान ते काय, गादी आणि कपड्यांची पेटी.

सेन्सॉरला कारखान्यात त्यानंतर कुणी सिनेमाचं विचारलं नाही. बिचाऱ्या बाईच्या मेलेल्या नवऱ्यावर दारूचा आळ घेणारा माणूस म्हणून पॉलिशवाला त्याच्याशी कामापुरतंच बोलायचा, आणि पाकीट घेणारी म्हणून ताईशीही. दोघंही ते ऐकून घ्यायचे. बायकोला मात्र सेन्सॉरनं खरं सांगितलं. त्या रात्री तिनं त्याला वाढलं आणि स्वतःचं ताट घेऊन त्याच्या समोर बसली.

ताई येत राहिली. प्लास्टर ओतायची, चहा करायची. सेन्सॉरचा कप त्याच्या टेबलावर ठेवून जायची.

सात-आठ महिन्यांनी मालकांच्या वर्तमानपत्रात एक फोटो आला. त्या जुन्या कारखान्याच्या जागी मेलेल्या कामगारांच्या नावांचा दगडी फलक बसवला होता. सिनेमामुळं लोकांना आठवण झाली होती. फोटोत फलकाशेजारी मुलगी उभी होती आणि तिच्याभोवती त्या दहा घरांच्या बायका. मालकांनी पान ताईपुढं ठेवलं. तिनं ओले हात पुसले, चष्मा लावला आणि बराच वेळ पाहिलं. सेन्सॉर मधल्या दारात येऊन उभा राहिला.

"ही त्या भट्टीवाल्याची बायको," ताई फोटोवर बोट ठेवून म्हणाली. "केवढी म्हातारी झालीय. हिच्या नवऱ्याला दवाखान्यात पाणी मी पाजलं होतं. नंतर रस्त्यात दिसले की तोंड फिरवायची." बोट थोडं सरकलं. "बघा, पोरीच्या खांद्यावर हात ठेवलाय तिनं."

"पोरगी अंगानं भरलीय जरा," सेन्सॉर म्हणाला.

"हो ना? मलाही तसंच वाटलं. कुणीतरी करून घालत असेल." तिनं फलकावरची नावं डोळ्यांजवळ धरून वाचली. नवऱ्याचं नाव सगळ्यात वर होतं, मोठ्या अक्षरात. तिनं पान मालकांना परत दिलं, चष्मा काढून खिळ्याला अडकवला आणि नळ सोडला. बारा मापं आली होती, त्यातली चार संध्याकाळपर्यंत द्यायची होती.